फी आषाढात, पीक आश्विनात

दर आठवड्याला हे सदर वाचणाऱ्यांना ठाऊक आहे की, येथे बहुधा पुस्तकांच्या आणि शब्दांच्या गोष्टी निघतात. दिवाळी अंकात जागा जरा ऐसपैस मिळते, तेव्हा यंदा एक हिशेब मांडावा असे मनात आले. मराठीच्या मास्तराने हिशेब मांडावा हे काहींना विपरीत वाटेल. पण वऱ्हाडातल्या कॉलेजात सतरा-अठरा वर्षे काढली की, व्याकरणाइतकाच बाजारभावही कानावर पडत असतो. आणि वर्गातले कोण पुढे शिकणार, कोण थांबणार, हे गुणपत्रिकेच्या आधी बाजारभावावरूनच कळू लागते.

हिशेब आहे पदव्युत्तर शिक्षणाचा. एम.ए., एम.कॉम., एम.एस्सी. यांपैकी काही तरी करण्यासाठी खेड्यांतली मुले-मुली दोन वर्षे विद्यापीठाच्या गावी येऊन राहतात, त्या दोन वर्षांचा.

नोकरदार घरात या खर्चाची एक ठरलेली रीत असते. मग ते घर पुण्या-मुंबईचे असो की आमच्या अकोल्या-अमरावतीचे. पगार एक तारखेला येतो. मुलाच्या खोलीचे भाडे, खाणावळीचे पैसे, वीज, दूध हे सारे त्याच आठवड्यात चुकते होते. ओढाताण होते, नाही असे नाही. पण ती बारा सारख्या तुकड्यांत वाटलेली असते. शेतकऱ्याच्या घरात मात्र पैसा वर्षातून एकदा येतो, फार तर दोनदा. मृगाचा पाऊस पडला की पेरणी होते. सोयाबीनची सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे निघते. कापसाचा पहिला वेचा सीतादही करून दिवाळीच्या सुमारास घरात येतो. आणि पूर्णेच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट या बाजूला खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीखालचे पाणीच खारट. विहिरीच्या भरवशावर दुसरे पीक घ्यायची सोय नाही. थंडीत ओलीवर हरभरा साधला तर साधला.

आता विद्यापीठाचे पंचांग पाहा. पदवीचे निकाल लागतात, अर्ज निघतात, याद्या लागतात आणि प्रवेशाचे पैसे भरायची वेळ येते ती जुलै-ऑगस्टात, म्हणजे आषाढ-श्रावणात. त्या वेळी शेतकऱ्याच्या घरचा शेवटचा रुपया बियाणे, खत आणि फवारणी होऊन मातीत गेलेला असतो. घर रिकामे आणि वावर भरलेले, अशा दिवसांत मुलगा म्हणतो, "बाबा, ॲडमिशनची तारीख सोमवारपर्यंत आहे."

सांगायचे आहे ते एवढेच. आमच्या मुलांना शिक्षणाची रक्कम भारी पडते हे खरेच. पण त्याहून भारी पडते ती तारीख.

रक्कम किती, हेही पाहू. अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ रोजी सुरू झाले. त्याआधी वऱ्हाडातली कॉलेजे नागपूर विद्यापीठाला जोडलेली होती. पुढे अमरावतीच्या विद्यापीठाला संत गाडगे बाबांचे नाव देण्यात आले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशिम हे पाच जिल्हे त्याच्याकडे आहेत. आवार शहराच्या कडेला, मार्डी रस्त्यावर, तपोवनाच्या बाजूला. मोकळा माळ, झाडी आणि पलीकडे पोहऱ्याचे जंगल. आवारात बिबट्या दिसल्याची बातमी अधूनमधून वर्तमानपत्रात येते, आणि मग मुली संध्याकाळी घोळक्यानेच चालतात. वसतिगृहात जागा मिळाली तर निम्मी काळजी मिटते. न मिळाली तर खोली शहरात, वर्ग माळावर आणि मध्ये ऑटोचे भाडे.

या राहण्या-खाण्याला किती लागावेत याचा एक अंदाज सरकारनेच करून ठेवला आहे. अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांपैकी ज्यांना शासकीय वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांच्यासाठी भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. जानेवारी २०१७ च्या शासन निर्णयाने तिचे दर ठरले. मुंबई, पुणे, नागपूर अशी मोठी शहरे सोडून इतर महापालिकांच्या गावी वर्षाला भोजनासाठी २८,००० रुपये, निवासासाठी १५,००० आणि किरकोळ निर्वाहासाठी ८,०००, एकूण ५१,०००. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिका, तेव्हा हाच दर. दहा महिन्यांचे वर्ष धरले तर दिवसाला जेवणाचे त्र्याण्णव रुपये पडतात. त्यात दोन वेळचे जेवण, सकाळचा चहा, आणि अभ्यासाला जागायचे असेल तर रात्रीचाही. दर ठरला तेव्हापासून तेल, डाळ आणि गॅस कोठे जाऊन पोहोचले, हे या अंकाच्या वाचक गृहिणींना मी सांगायला नको.

हे ५१,००० रुपये आमच्या भाषेत किती होतात? २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. म्हणजे साडेनऊ क्विंटलांहून थोडे अधिक. बाजारात भाव बहुधा हमीभावाच्या खालीच असतो, तेव्हा दहा क्विंटल म्हणा. कोरडवाहू वावरात एकरी चार-पाच क्विंटलांचा उतारा पडला, तर दोन एकरांचे सगळे सोयाबीन एका मुलाच्या एका वर्षाच्या पोटाला आणि खोलीला लागते. अजून बियाण्याचे, मजुरीचे, मळणीचे पैसे वजा केलेले नाहीत, आणि फीचे नावही काढलेले नाही. असे दोन वर्षे. घरात पाच एकर असतील आणि शिकणारी दोन असतील, तर बाकीचे गणित वाचकांनीच करावे.

माझ्यापुढे एका माजी विद्यार्थिनीची वही आहे. तिच्या परवानगीने ती मी चाळली. दर्यापूरकडची मुलगी, आमच्याकडून बी.ए. होऊन अमरावतीला एम.ए.ला गेलेली. खोली तिघींत. डबे मात्र दोनच. दोन डब्यांत तिघी जेवत. ऑटो, झेरॉक्स, मोबाईलचे रिचार्ज, परीक्षेचा अर्ज, दाखल्यांसाठी तहसिलीच्या चकरा, असे एकेक कलम ओळीने मांडलेले. प्रत्यक्ष फी हे त्यातले सर्वांत मोठे कलम नव्हे. ऑक्टोबरच्या पानावर एक नोंद होती: "खाडा, ८ दिवस, सोंगणी." मेसमध्ये न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा होतात, त्याला मुले खाडा म्हणतात, हे शहरातल्या वाचकांनाही ठाऊक असेल. मी तिला म्हटले, "आठ दिवस वर्ग बुडाले की गं!"

ती म्हणाली, "हो सर. पण मजूर लावले असते त मंग फी बुडाली असती न."

यात मौज अशी की, स्वाधारसारख्या योजनांना पंचाहत्तर टक्के हजेरीची अट असते. अट वाजवी आहे. वर्गात न बसणाऱ्याला पैसे कशाला द्यायचे? पण ज्या आठवड्यात शेतकऱ्याच्या घरात प्रत्येक हाताची किंमत सोन्याची होते, त्याच आठवड्यात मुलीने हजेरीपटावर असावे आणि सोंगणीवरही असावे, हे कसे जमायचे? गैरहजर मुलगी टवाळक्या करीत नसून आपल्याच फीचे पैसे वावरातून गोळा करीत आहे, हे हजेरीपटाला दिसत नाही.

तिच्या मेसवाल्या मावशींना मी एकदा भेटलो. पंचवीस-तीस डबे करणाऱ्या बाई. त्यांच्याकडे दोन वह्या होत्या. एका वहीत पगारदारांची पोरे. ती पाच तारखेच्या आत पैसे देतात. दुसऱ्या वहीत वावरवाल्यांची पोरे. त्यांच्या नावापुढे तारीखच नाही. मी विचारले, तर म्हणाल्या, "मास्तर, वावराचा पैसा महिन्यानं येते का जी? सोयाबीन निघलं की देतात लेकरं. तवालोक जेवू नोका म्हणू का?"

या मावशींच्या दुसऱ्या वहीत काही नावे शिष्यवृत्तीवाल्यांचीही होती. त्यांचे पैसे सोयाबीन निघाले तरी येत नाहीत. ते शासनाकडून खात्यात जमा व्हायचे असतात. अर्ज संगणकावर भरायचा, कॉलेजाने तपासायचा, पुढे कचेरीने तपासायचा, आधार क्रमांक बँकेशी जुळायचा, आणि मग रक्कम. ती येते, हे मान्य केले पाहिजे. पण अनेकांच्या बाबतीत ती वर्ष सरता सरता येते, कधी वर्ष सरल्यावर. तोवर विद्यार्थी जेवतो कोणाच्या जिवावर? मावशींच्या. मावशींना पीठ-तेल उधार देतो कोपऱ्यावरचा किराणावाला. म्हणजे राज्य सरकारच्या योजनेला बिनव्याजी उधारी पुरवते ती अमरावतीच्या एका बोळातली मेसवाली बाई. अंदाजपत्रकात तिचा उल्लेख कोठेही सापडणार नाही.

दुसऱ्याच्या घरच्या अन्नावर शिकण्याची गोष्ट मराठी कुटुंबांना नवी नाही. वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांच्या आठवणी आजोबा-पणजोबांच्या तोंडून अनेकांनी ऐकल्या असतील. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे धरून कितीतरी मुले शिकली. ती दारे मात्र ठरावीक जातींच्या मुलांनाच उघडी होती. आमच्याकडे ही उणीव ओळखली ती डॉ. पंजाबराव देशमुखांनी. १८९८ साली अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावी जन्मलेला हा शेतकऱ्याचा मुलगा एडिंबरो आणि ऑक्सफर्डला शिकून आला. त्यांना परदेशी धाडताना घरची जमीन गहाण पडली, असे वऱ्हाडात आजही सांगतात. परत आल्यावर त्यांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढले, सर्व जातींच्या मुलांसाठी. पुढे त्यांनी शिक्षणसंस्था उभारली, कॉलेजे काढली, दिल्लीत कृषिमंत्री झाले; पण आरंभ झाला तो वसतिगृहापासून. आधी ताट आणि अंथरूण, मग वर्ग, हा त्यांचा क्रम होता. ज्याच्या घरची जमीन शिकण्यासाठी गहाण पडते, त्याला तो क्रम कोणी शिकवावा लागत नाही.

गाडगे बाबांनीही कीर्तनातून हेच सांगितले. घरातली भांडी गेली तरी चालतील, भाकर हातावर घेऊन खा, पण पोराला शाळेत घाला, असा त्यांचा आग्रह असे. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळ वलगाव येथे त्यांनी देह ठेवला. त्यांचे नाव लावणाऱ्या विद्यापीठात आज जे विद्यार्थी बसतात, त्यांच्या घरांनी बाबांचे म्हणणे अक्षरशः पाळले आहे. फरक एवढाच की, आता भांडी विकून भागत नाही. आषाढात हातउसने काढावे लागतात आणि आश्विनात सोयाबीन कोरडे व्हायच्या आधीच, मिळेल त्या भावाने विकावे लागते. भाव चढेपर्यंत थांबायची सवड ज्याच्या डोक्यावर देणे आहे त्याला नसते. प्रवेशाच्या चुकलेल्या तारखेची किंमत अशी दोनदा मोजली जाते.

अकोल्याची गोष्ट थोडी निराळी. तेथे कृषी विद्यापीठ व्हावे म्हणून १९६७ साली आंदोलन पेटले, गोळीबार झाला, माणसे मेली. २० ऑक्टोबर १९६९ रोजी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याला पंजाबरावांचे नाव मिळाले. येथे एम.एस्सी. करणारा मुलगा वसतिगृहात राहतो आणि त्याच्या प्रयोगाचे वाफे आवारातच असतात. त्याचा प्रबंधसुद्धा पावसावर अवलंबून. खरिपाच्या प्रयोगाची पेरणी हुकली, तर ती पुढच्या मृगावर जाते. म्हणजे या विद्यापीठाला पिकाचे पंचांग चांगले कळते. कृषी अर्थशास्त्राच्या वर्गात एक क्विंटल कापसाला किती खर्च येतो ते शिकवतात. बियाणे, खत, बैलजोडी, मजुरी, एवढेच काय, घरच्या माणसांच्या श्रमाची किंमतही त्यात धरतात. त्या यादीत मुलाचे शिक्षण नसते, आणि शास्त्राप्रमाणे ते बरोबरच आहे. पण बाजार समितीतून पैसे घेऊन निघालेला बाप शास्त्र पाहत नाही. कृषी केंद्राची उधारी, दिवाळीचे कपडे आणि मेसची थकबाकी, सगळे त्याच एका थैलीतून निघायचे असते.

तारीख हुकली की काय होते, हेही सांगितले पाहिजे. मुलगा रागावत नाही, रडत नाही. "पुढच्या साली येतो सर," एवढेच म्हणतो आणि पुण्याकडे, चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर लागतो. पुढच्या साली येणारे मी फार थोडे पाहिले. मुलीचे तर त्याहून लवकर आटोपते. एक वर्ष घरी बसली की स्थळे येऊ लागतात. आणि २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे एका वर्षानंतर पदव्युत्तर पदविका घेऊन बाहेर पडता येते. ज्याला खरोखर थांबायचे आहे त्याला ही सोय चांगली. पण पैशाची अडचण असलेल्या घरात अशी मधली दारे फार मोठी दिसू लागतात.

सरकार काहीच करीत नाही, असा सूर मला लावायचा नाही. इतर मागासवर्गीयांच्या मुलांसाठी सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने आधार योजना निघाली. अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या मुलांसाठी पंजाबरावांच्या नावाने वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल आणि मागास वर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षणशुल्क माफ झाले. या साऱ्यांचे स्वागतच आहे. पण यांतली कोणती मदत सर्वांत बिनबोभाट पोहोचली असे मला कोणी विचारले, तर मी एस.टी.चे अर्धे तिकीट म्हणेन. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस.टी.त निम्मे भाडे पडते. त्यासाठी अर्ज नाही, पडताळणी नाही, खात्यात पैसे येण्याची वाट पाहणे नाही. कंडक्टर तिकीट देतो त्याच क्षणी सवलत हातात पडते. मुलीला शनिवारी घरी जाऊन सोमवारी परत येता येते, येताना पीठ, डाळ आणि ठेचा आणता येतो. रक्कम लहान, पण वेळेवर. मोठी रक्कम उशिरा आली, तर तिची निम्मी किंमत वाटेतच सांडते.

म्हणून उपाय सुचवायचे तर ते फार खर्चाचे नाहीत. प्रवेशाच्या वेळी थोडी रक्कम घ्यावी आणि उरलेला हप्ता दिवाळीनंतर, कार्तिकात घ्यावा. शिष्यवृत्तीचा पहिला भाग प्रवेशाबरोबर द्यावा, तपासणी मागाहून चालू द्यावी. सोंगणीच्या आठवड्यात विद्यापीठाने सुट्टी ठेवायला काय हरकत आहे? पूर्वी शेतीच्या हंगामाप्रमाणे शाळांना सुट्ट्या देण्याची पद्धत होतीच.

हे कोणी करील तेव्हा करील. आमच्या कॉलेजातल्या आम्ही अकरा जणांनी काही वर्षांपूर्वी एक लहानसा फिरता निधी केला. दर वर्षी प्रत्येकाने थोडे पैसे टाकायचे, प्रवेशाच्या दिवसांत ते मुलांना द्यायचे, दिवाळीनंतर परत घ्यायचे. व्याज नाही, कागद नाही. एका वहीत नाव आणि मुलाची सही. आमच्या एका वाणिज्याच्या सहकाऱ्याने पहिल्याच वर्षी भाकीत केले होते की, निम्मे बुडतील. बुडाले नाहीत. उशीर झाला तो पाऊस फिरला त्या साली, आणि तोही पुढच्या हरभऱ्यापर्यंत. एका मुलाने तीन वर्षांनी पोलीस भरती झाल्यावर पैसे आणून दिले, वर स्टाफरूमला पेढे. याचे कारण आमचा चांगुलपणा नव्हे. मुलांना दान नकोच असते. त्यांना तीन महिने हवे असतात.

वाचकहो, तुमच्यापैकी अनेकांची मुळे अशाच एखाद्या गावात आहेत. काहींच्या घरात वरची खोली भाड्याने दिलेली असेल आणि तीत खेड्यातली दोन मुले राहत असतील. भाड्याची तारीख त्यांना एकदा विचारून पाहा. तुमच्या सोयीची नव्हे, त्यांच्या घरच्या पिकाची. काहींच्या जुन्या कॉलेजाचे माजी विद्यार्थी दिवाळीत एकत्र जमत असतील. तेथे फराळाबरोबर एक वहीही उघडता येईल. अशा निधीला हजारो रुपये लागत नाहीत. दहा-बारा घरांचे फटाक्यांचे पैसे पुष्कळ होतात. आणि ते बाजूला काढायचे ते आताच, घरात पैसा खेळता आहे तेव्हा.

पुढच्या आषाढाला आठ महिने आहेत.